आधी तंबू उभा करा, मग गाडीला जोडा

महोदय,

पाऊस ओसरला की घोडबंदर रस्त्याने केळवे-डहाणूकडे आणि मुरबाडमार्गे माळशेजकडे कॅम्पर व्हॅन, म्हणजे आत झोपण्याची सोय असलेल्या गाड्या, निघतात. काहींच्या सामानात आता ड्राइव्ह-अवे ऑनिंगही असते, म्हणजे गाडीला जोडायचा, पण गाडी निघून गेल्यावरही जागीच उभा राहणारा तंबू. पुष्कळ जण तो आधी गाडीला अडकवतात आणि मग खुंट्या ठोकतात. अशाने सगळा ताण गाडीवर येतो आणि गाडी सोडवताच तंबू कलंडतो. मग साधी ताडपत्री काय वाईट होती?

तंबू गाडीपासून बोगद्याच्या, म्हणजे तंबू आणि गाडी यांना जोडणाऱ्या कापडी वाटेच्या, लांबीइतका दूर पसरावा, सांगाडा उभारून चारही कोपरे ठोकावेत आणि शेवटी बोगदा गाडीकडे ओढावा. गाडीच्या छपराजवळची पन्हळ आणि बोगद्याची दोरी शिवलेली कड यांना इंग्रजी आठच्या आकड्यासारखी पट्टी जोडते. ही पट्टी ६-६ किंवा ४-६ मिमी मापात मिळते. पन्हळ ४ मिमीची असेल, तर ६ची पट्टी तिच्यात शिरतच नाही, म्हणून खरेदीआधीच मोजून घ्यावे. बोगद्याची उंचीही पाहावी; ठेंगण्या गाडीला साधारण १८० ते २१० सेंमीचा चालतो, उंच छपराच्या गाडीला नाही.

बोगदा सैल राहिला की त्यात पावसाचे पाणी साचून झोळ होतो. तो ताणायला मग गाडी मागे-पुढे नव्हे, वीतभर आडवी सरकवावी लागते, आणि ते कटकटीचे असते. म्हणून पहिल्यांदाच अंतर नीट धरावे. फार ताणला तर शिवण उसवते.

खुंटीचे डोके तंबूपासून बाहेर झुकलेले, साधारण ४५ अंशांत असावे. केळव्याच्या वाळूत नेहमीची खुंटी टिकत नाही. गोणपाटाची पिशवी वाळूने भरून, तिला तणावा (तंबू ताणून धरणारी दोरी) बांधून हातभर खोल पुरावी. सुरूच्या झाडाला तणावा बांधायचा मोह टाळावा, वाऱ्यात झाड डोलते आणि तंबूला हिसके बसतात. नायलॉनचे तणावे भिजून सैलावतात, ते रात्री एकदा तपासावेत. हवेच्या नळ्यांचा तंबू असेल, तर पहाटे ताठ भरलेल्या नळ्या दुपारच्या उन्हात आणखी फुगतात. थोडी हवा सोडावी.

बंद तंबूत शेगडी किंवा कोळसा मुळीच पेटवू नये, आणि बोगदा जोडलेला असताना इंजिन चालू ठेवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

फिरायला निघताना पट्टी सरकवून काढावी, छपरावरून पट्टे टाकले असतील तर तेही सोडावेत, बोगद्याचे तोंड बंद करावे. पुढच्या आणि मागच्या चाकाशी एकेक दगड ठेवला की परतल्यावर गाडी त्याच जागी लागते.

ओला तंबू गुंडाळावा लागलाच, तर घरी पोहोचताच गच्चीवर पसरावा. ठाण्याच्या दमट हवेत पिशवीतल्या कापडाला चार-दोन दिवसांतच बुरशी धरते आणि शिवणीतून तो वास पुढे जात नाही.

– एक वाचक, कोलशेत, ठाणे