आजोबांचे कार्ड

योकोहामा,
श्रावणातला दुसरा रविवार

ती. बाबा आणि आई यांस,
सा. न. वि. वि.

इकडे आम्ही तिघेही खुशाल आहोत. हे पहिल्याच ओळीत लिहितो, कारण पत्र उघडल्यावर आई आधी तेवढेच शोधते. दिवसाआड फोन होत असताना पत्र कशाला, असे बाबा म्हणतील. परंतु फोनवर बाबा ‘सगळे ठीक’ एवढे म्हणून दोन मिनिटांत आईकडे फोन देतात आणि जे बोलायचे ते राहून जाते.

आई, परवाचा फोटो पाहून तू ‘वाळलास रे’ म्हणालीस आणि त्यात सुनेविषयी जो सूर लावलास, तो तिच्यावर सर्वस्वी अन्याय आहे. मी वाळलेलो नाही. तो शर्ट सैल होता. चिमीच्या शाळेतल्या जेवणाचीही काळजी करू नकोस. तिच्या शाळेत डबा न्यायचाच नसतो. वर्गातली मुलेच पांढरे ॲप्रन बांधून एकमेकांना वाढतात, सगळ्यांच्या ताटात एकच जेवण असते आणि बाईही त्याच वर्गात बसून तेच जेवतात. घरी लाल भोपळ्याकडे ढुंकूनही न पाहणारी ही मुलगी तिथे सगळ्या पालेभाज्या बिनतक्रार संपवते, कारण शेजारची संपवते. आम्ही रोज कच्चा मासा खातो ही आजीची समजूतही खरी नाही. घरी बहुधा सबा नावाचा मासा असतो, तो आपल्या बांगड्याचाच भाऊबंद. फक्त इथे त्याला तेलात न सोडता जाळीवर भाजतात. (श्रावण चालू आहे, तेव्हा आजीला पत्र वाचून दाखवताना ही ओळ गाळावी.)

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतले ते लिहितो. जूनमधल्या तपासणीत बाबांची तीन महिन्यांची साखर ७.६ आली हे मला छोटीकडून कळले. तिच्यावर कोणी रागावू नये. मीच खोदून खोदून विचारले. तिने आणखी एक गोष्ट सांगितली, ती त्या आकड्यापेक्षा मनाला जास्त लागली. बाबांसाठी आई आता वेगळा स्वयंपाक करते, आणि बाबा साडेसातलाच आपली भाकरी आणि दुधीची भाजी एकटे जेवून घेतात. नंतर बाकीच्यांची पाने मांडली की ते गॅलरीत जाऊन उभे राहतात. मी वीस वर्षांचा होईपर्यंत आपल्या घरात बाबा बसल्याशिवाय कोणाचे पान वाढले गेलेले मला आठवत नाही. आईने हे सगळे काळजीपोटीच केले आहे आणि ते करताना तिचे कष्ट दुप्पट झाले आहेत, हेही मला समजते. माझी करामत तर त्याहून वाईट होती. मी काय केले, तर निषिद्ध पदार्थांचा लाल अक्षरांतला तक्ता घरच्या ग्रुपवर टाकला आणि कर्तव्य पार पडले असे समजून झोपी गेलो. बाबांनी त्यावर फक्त अंगठा दाखवला. तो अंगठा संमतीचा नव्हता हे समजायला मला महिना लागला.

हे समजले ते इथल्या एका प्रकारामुळे, आणि तो जरा सविस्तर लिहिल्यावाचून तुमच्या डोळ्यांसमोर येणार नाही. इथे रोज सकाळी बरोबर साडेसहा वाजता रेडिओवर दहा मिनिटे व्यायामाचा कार्यक्रम लागतो. एन. एच. के. म्हणजे इथली आकाशवाणी. पियानो वाजू लागतो, एक गृहस्थ आकडे मोजत सूचना देतात आणि त्याबरहुकूम लोक हात वर करतात, कमरेत वाकतात, उड्या मारतात. पहिल्या संचात तेरा प्रकार आहेत आणि तो जेमतेम तीन मिनिटांत संपतो. लोक हे घरी एकेकटे करतातच. परंतु आमच्या इमारतीमागच्या बागेत सहा वीसपासून माणसे जमू लागतात, एक आजोबा झाडाच्या फांदीला छोटा रेडिओ अडकवतात, आणि मग ऐंशीच्या घरातल्या आज्या, टाय बांधून कामावर निघालेले लोक आणि डोळे चोळणारी पोरे असे सगळे एकाच तालावर हलू लागतात. खास कपडे नाहीत, शिक्षक नाही, वर्गणी नाही. कोणाचा हात किती वर गेला हे कोणी पाहत नाही. मला वाटले होते की नंतर गप्पा तरी होतील, निदान चहा तरी. तसेही काही नाही. सहा चाळीसला माणसे एकमेकांना वाकून नमस्कार करतात आणि पाच मिनिटांत बाग रिकामी होते. पहिल्या दिवशी मी खिडकीतून पाहिले तेव्हा कोणाचा तरी शोकदिन असावा असे मला वाटले होते.

उन्हाळी सुट्टीत मुलांना यासाठी एक कार्ड मिळते. ते दोरीने गळ्यात अडकवून यायचे आणि व्यायाम झाला की त्या दिवसाच्या चौकटीत शिक्का मारून घ्यायचा. कोणाचेही बक्षीस फार मोठे नसते, पेन्सिल किंवा वही. पण त्या शिक्क्यासाठी आमची चिमी, जिला एरवी उठवायला दोन माणसे लागतात, सहाला उठून आम्हाला उठवते.

बाबांना आवडेल अशी गोष्ट पुढे आहे. हा कार्यक्रम १९२८ साली सुरू झाला आणि तो सुरू करण्यात पुढाकार होता टपाल खात्याच्या आयुर्विमा विभागाचा. विमेदार जितके जास्त जगतील तितके विम्याचे भले, असा सरळ हिशेब. आपल्याकडचे विमा एजंट चहा-पोहे खाऊन जायचे, व्यायाम करा असे त्यांच्यापैकी कोणी सांगितल्याचे मला स्मरत नाही. युद्धातल्या पराभवानंतर हा रेडिओचा कार्यक्रम काही वर्षे बंद पडला आणि आजच्या स्वरूपात १९५१ साली पुन्हा सुरू झाला. ज्यांना उभे राहता येत नाही त्यांच्यासाठी खुर्चीत बसून करायचा प्रकारही आहे. आजीने तो पाहिला तर ती नक्की करील.

परंतु यात जपानचे कौतुक करण्याचा हेतू नाही. जपानी जेवणात मिठाचे प्रमाण भारी असते; जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते आणि इथे सरासरी त्याच्या दुपटीच्या आसपास जाते. शिवाय हे आपल्याला नवीन कुठे आहे? बाबांनी लहानपणी शिवाजी पार्कात समर्थ व्यायाम मंदिरात मल्लखांब केला. ती संस्था तर १९२५ सालची, म्हणजे या रेडिओच्याही आधीची. त्याच सुमारास औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी आपल्या संस्थानातल्या शाळांतून सूर्यनमस्कारांचा प्रसार करत होते. आणि आबा रात्री जेवण झाले की चाळीच्या गॅलरीतून या टोकापासून त्या टोकापर्यंत शतपावली घालत, त्यांच्यामागे आम्ही पोरे. आम्हाला तो खेळ वाटे. आबांना साखर होती हे मला मोठेपणी कळले, कारण त्यांच्या शतपावलीत ‘आजाऱ्याचा व्यायाम’ असे काही दिसतच नव्हते. बागेतल्या त्या माणसांतही रोगी कोण आणि निरोगी कोण हे कळत नाही. बाबांच्या ताटाचे आपण नेमके उलटे केले.

आता शर्ट सैल का होता ते लिहितो. इथे २००८ सालापासून चाळीस ते चौऱ्याहत्तर वयाच्या सगळ्यांची कंबर वार्षिक तपासणीत टेपने मोजतात. पुरुषांसाठी मर्यादा ८५ सेंटीमीटर, बायकांसाठी ९०. माझी ९१ भरली, म्हणून तो सैल शर्ट. साखरही सीमेवर आहे, ६.०, म्हणजे मधुमेह नाही, पण त्या रस्त्यावरचे स्टेशन आहे. आई, ही बातमी मी चार महिने दडवली आणि त्याच काळात बाबांना तक्ते पाठवत होतो. काळजीचे कारण नाही. मला गोळी नाही, आणि सल्ला देणाऱ्या बाईंनी फक्त रात्रीचे उशिराचे जेवण आणि बसून राहणे या दोनच गोष्टी बदलायला सांगितल्या आहेत. तेव्हा यापुढे या घरात रोगी एक नसून दोन आहेत, किंवा कोणीच नाही, बाबांनी ठरवावे.

म्हणून माझी विनंती आहे की वेगळा स्वयंपाक आजपासून बंद करावा. सगळ्यांसाठी भाकरी, सगळ्यांसाठी मटकीची किंवा मुगाची उसळ, निम्मे ताट भाजी आणि कोशिंबिरीचे, भात सगळ्यांनाच एक मूद. बाबांना जे चालते ते छोटीला चालेल आणि आईला तर हवेच आहे. गुडघ्यांचे आणि तीन जिन्यांचे गणित वजनावरच अवलंबून आहे. एकटा साबुदाणा मात्र जाऊ द्या. उपवास म्हणून सोमवारी परातभर खिचडी होते, आणि साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यापेक्षा राजगिऱ्याची भाकरी आणि दही बरे. पापड-लोणचे ताटात वाढण्याऐवजी बरणीत राहू द्यावे. भूक दोन घासांची ठेवून उठावे असे आबा म्हणत. इथले ओकिनावाचे म्हातारेही दहातले आठ भाग पोट भरले की थांबावे असे सांगतात.

आणि रात्री जेवणानंतर पंधरा मिनिटे सगळ्यांनी चालावे. जेवणानंतर रक्तात चढणारी साखर चालताना पायांचे स्नायू वापरतात, म्हणून ती वेळ महत्त्वाची. पाऊस असेल तर जिन्याखालच्या पॅसेजमध्ये, एरवी शिवाजी पार्काच्या कट्ट्याकडेने. बाबा, कट्ट्यावर बसणे हे फेरीत धरले जाणार नाही. गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय कमी करू नयेत, आणि चालताना घाम फुटून हात थरथरू लागले तर ती साखर उतरल्याची खूण समजून खिशातली साखर लगेच तोंडात टाकावी. पुढची तपासणी सप्टेंबरअखेर करावी. ती चाचणी मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी सांगते, त्यामुळे आधीचे चार दिवस गोड बंद करून ती फसत नाही. (हा टोमणा नाही. मी स्वतः हा प्रयोग करून पाहिला आहे.)

तुमच्या रात्री नऊला इथे साडेबारा वाजलेले असतात, म्हणून शतपावलीला मला येता येणार नाही. पण रविवारी तुमचे सकाळचे सात म्हणजे आमचे साडेदहा. तेव्हा व्हिडिओवर आपण सगळे मिळून ती तेरा प्रकारांची कवायत करू. बाबांनी हवे तर त्याऐवजी सूर्यनमस्कार घालावेत, मी मागे राहीन.

छोटीच्या लग्नाविषयी. मुलाकडच्यांनी पाडव्याचा साखरपुडा नक्की केल्याचे कळले. मला दिवाळीला येता येणार नाही. मी येईन असे गेल्या दिवाळीला म्हणालो होतो हे मला आठवते आहे, कृपया फोनवर त्याची आठवण करू नये. रजा एकदाच मिळते, ती मार्गशीर्षातल्या लग्नासाठी ठेवली आहे. पूर्ण बारा दिवस. भाऊबीज छोटीला पोचेल, ओवाळणे तेवढे राहील. हॉलच्या अनामतीसाठी तीन लाख सोमवारी पाठवतो. बाबांनी ठेव मोडू नये आणि हे पैसे कर्ज म्हणून वहीत लिहू नयेत. गेल्या वेळी लिहिले होते, मला छोटीने दाखवले. पंगतीत जिलबी असायला माझी हरकत नाही, फक्त बाबांनी ती सगळ्यांबरोबर बसून एकच खावी, गॅलरीत उभे राहून चार नाही. आजीला नमस्कार.

तुमचा,
बाळ

ता. क. सोबतच्या लिफाफ्यात चिमीने केलेली पाच कार्डे आहेत. आजोबांचे वेगळे रंगवायला निघाली होती, मग तिनेच विचारले की आजोबांचेच वेगळे कशाला, आणि सगळी निळी केली. पाचवे माझे आहे. ते तिथेच भिंतीला लावावे, रोज रात्री मी चाललो की कळवतो, शिक्का आजीने मारायचा.