माळ तयार नसताना पिल्ले सोडायची कुठे?

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

राजस्थानात जैसलमेर भागातील केंद्रांत माळढोकाची पैदास यशस्वी होऊ लागल्यापासून, तिथली काही पिल्ले आणून नान्नजच्या माळढोक अभयारण्यातील माळावर सोडावीत, अशी इच्छा सोलापुरातील निसर्गप्रेमी बोलून दाखवतात. त्यामागची तळमळ मला पूर्ण समजते, कारण ज्या पक्ष्यासाठी १९७९ मध्ये हे अभयारण्य जाहीर झाले, तोच आज तिथे जवळजवळ दिसेनासा झाला आहे. परंतु बंदिस्त जागेत वाढवलेला प्राणी रानात पुन्हा रुजवण्यापूर्वी काय काय करावे लागते, हे ज्यांना पाहायचे असेल त्यांनी स्पेन आणि पोर्तुगालमधील आयबेरियन लिंक्सचा इतिहास अवश्य पाहावा.

कानांच्या टोकांना काळ्या केसांचे झुपके, गालांवर दाढीसारखे लोंबणारे केस, आखूड शेपूट आणि अंगभर ठिपके असलेले हे दहा-बारा किलो वजनाचे रानमांजर. आपल्या लडाखात आढळणारा लिंक्स त्याचाच भाऊबंद. मात्र तो अंगाने मोठा असतो आणि निरनिराळ्या भक्ष्यांवर गुजराण करू शकतो. आयबेरियन लिंक्सचे तसे नाही. त्याच्या आहारात रानसशांचा वाटा ऐंशी-नव्वद टक्के असतो, प्रौढ जनावराला दिवसाकाठी साधारण एक ससा लागतो, पिल्लांच्या आईला तर तीनपर्यंत लागतात, आणि ज्या रानात ससे विरळ होतात तिथे मादी वीण धरत नाही. त्यामुळे १९५२ मध्ये फ्रान्समधील एका डॉक्टरने स्वतःच्या आवारातील सशांचा बंदोबस्त करण्यासाठी मिक्सोमॅटोसिस रोगाचे विषाणू सोडले आणि ती साथ लवकरच स्पेनमध्ये उतरली, तेव्हा सशांबरोबर लिंक्सचाही आधार गेला. १९८०च्या दशकाच्या अखेरीस सशांमध्ये रक्तस्रावी रोगाची दुसरी साथ आली. शिकार, सापळे आणि झुडपी रान मोडून केलेली पाइन व निलगिरीची लागवड यांनी उरलेली कसर भरून काढली. या शतकाच्या सुरुवातीला स्पेन-पोर्तुगालच्या संपूर्ण द्वीपकल्पात शंभराच्या आत लिंक्स शिल्लक होते, आणि तेही दक्षिण स्पेनमधील दोन्याना व सिएरा मोरेना या दोनच ठिकाणी.

मार्च २००५ मध्ये दोन्यानातील पैदास केंद्रात सालिएगा नावाच्या मादीने तीन पिल्लांना जन्म दिला. बंदिवासात जन्मलेली ही पहिली पिल्ले. काही आठवड्यांतच त्यांच्यात जीवघेणे भांडण होऊन एक पिल्लू दगावले. पिल्ले त्या वयात पोहोचली की त्यांच्यावर अहोरात्र नजर ठेवावी लागते, हे तेव्हा कळले. या घटना वृत्तपत्रांना आवडतात, आणि त्यात वावगे काही नाही. तथापि मला महत्त्वाचे वाटते ते केंद्राबाहेर चाललेले काम. ज्या खोऱ्यात लिंक्स सोडायचा तिथे ससे पुरेसे आहेत का, हे आधी तपासले गेले. नसतील तिथे सशांसाठी आडोसे उभारण्यात आले. लिंक्सचा वावर मोठ्या प्रमाणात खासगी जमिनीवर असल्याने जमीनमालक आणि शिकारी संघटना यांच्याशी करार करण्यात आले. वाहनांखाली लिंक्स मरतात म्हणून रस्त्यांखालून वाटा काढल्या गेल्या आणि कडेने कुंपणे घालण्यात आली. नव्या प्रदेशांत लिंक्स सोडण्यास २०१०च्या सुमारास सुरुवात झाली, ती या तयारीच्या बळावर. २००१ मध्ये ६२ असलेली प्रौढ लिंक्सची संख्या २०२२ मध्ये ६४८ झाली, लहान पिल्ले धरून ती दोन हजारांपुढे गेली आणि जून २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने या प्राण्याला ‘संकटग्रस्त’ वर्गातून ‘असुरक्षित’ वर्गात आणले. आजही रस्ते आणि सशांचे रोग हे त्याचे मोठे शत्रू आहेतच.

आता आपल्या माळाकडे पाहू. माळढोक वर्षाला बहुधा एकच अंडे घालतो, तेही उघड्या जमिनीवर, आणि समोरच्या तारा त्याला वेळेत दिसत नसल्याने उडताना तो वीजवाहिन्यांवर आदळतो. त्याला हवे मोकळे गवत, त्यातले नाकतोडे आणि भोवतालची ज्वारी-हरभऱ्याची कोरडवाहू शेती. आपण मात्र माळाला पडीक समजून त्यावर ग्लिरिसिडियासारखी झाडे लावली, आणि भोवतालची शेती पाणी आले तशी ऊस-द्राक्षांकडे वळली. शेतकऱ्याला त्यासाठी दोष देणे मला अन्यायाचे वाटते. सुरुवातीला या अभयारण्याची हद्द इतकी अफाट होती की शेकडो गावांचे जमिनीचे व्यवहार अडकले, आणि माळढोक म्हणजे कटकट अशी भावना त्यातूनच रुजली. स्पेनमध्ये जमीनमालकाशी आधी बोलणी झाली. आपल्याकडे त्याच्या सातबाऱ्यावर आधी निर्बंध आले.

म्हणून वन विभागाला आणि जिल्हा प्रशासनाला माझी विनंती आहे की, पिल्लांची मागणी पुढे नेण्याआधी नान्नज-मार्डी परिसरातील माळांवर नवी वृक्षलागवड थांबवावी, आधी लावलेली झाडे टप्प्याटप्प्याने काढून गवत वाढू द्यावे, माळावरून जाणाऱ्या वीजवाहिन्या भूमिगत कराव्यात आणि माळाला लागून ज्वारी पेरणाऱ्या शेतकऱ्याला, उसाच्या तुलनेत त्याचे नुकसान होणार नाही इतका मोबदला लेखी कराराने द्यावा. माळढोक येण्यास वर्षे लागली तरी ही कामे वाया जाणार नाहीत, कारण याच गवतावर आज काळवीट चरते आणि लांडगा पिल्ले वाढवतो. आपल्या वृत्तपत्राने या कामांचा पाठपुरावा करावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, सोलापूर