दुष्काळाने नेलं की दातांनी?

पूर्व टेक्सास,
१८ ऑगस्ट

प्रिय सुध्या,

मेसेज मिळाला, फोटोही पाहिले. हरणांच्या चाऱ्यासाठी तू इथे टेक्सासात मे महिन्यात पेरलेल्या चवळीचे आता नुसते खुंट उरलेत आणि खाली तू लिहिलंयस, 'पावसाने दगा दिला.' हा विषय फोनवर धड बोलून होत नाही, म्हणून सरळ पत्र लिहायला बसलो. चहा घेऊन बस, लांबणार आहे.

फोटो मोठा करून बघ. खुंटांची टोकं फाटल्यासारखी तुटलीत. हरणाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, त्यामुळे ते कोंब कापत नाही, ओरबाडून तोडतं. सशाने खाल्लेला देठ विळ्याने कापल्यासारखा तिरका असतो. आणि तहानेने मेलेली चवळी आधी पिवळी पडते, पानं गाळते, तो पाचोळा तिथेच पडून राहतो. तुझ्या जमिनीवर पाचोळा कुठे आहे? पाऊस नव्हता हे खरं. पण तुझी चवळी वाळायच्या आधीच कुणाच्या तरी पोटात गेली होती.

तुला शहाणपण शिकवतोय असं वाटून घेऊ नकोस. मी स्वतः लागोपाठ दोन उन्हाळे आभाळाला शिव्या घातल्या. शेजारचे म्हातारबा म्हणायचे, "२०११ पाहिलं असतंस तर याला दुष्काळ म्हटला नसतास." (टेक्सासच्या नोंदींतलं ते सर्वांत कोरडं वर्ष, त्यांचं तळं तळापर्यंत आटून भेगाळलं होतं.) तिसऱ्या वर्षी त्यांनीच एक जाळी आणून दिली. चार फूट उंच, सोळा फूट लांब. टोकं जोडली की पाचेक फूट व्यासाचा गोल पिंजरा होतो. पेरणी झाली त्याच दिवशी तो शेताच्या मधोमध ठोकला. सहा आठवड्यांनी पिंजऱ्यात चवळी गुडघ्याला लागत होती आणि बाहेर जमीन तळहातासारखी स्वच्छ. माती तीच, पाऊस तोच. शरमेने मी तिथेच बसलो रे. दोन वर्षं बियाणं, खत, डिझेल घालत होतो ते पिकासाठी नव्हे, आठवड्याभराच्या एका पंगतीसाठी.

म्हणून पहिली गोष्ट ही: येत्या पेरणीला पिंजरा लाव. आत-बाहेर सारखंच सुकलेलं दिसलं तर दोष पावसाचा. आत हिरवं आणि बाहेर उजाड, तर तोंडं जास्त आहेत. या दोन दुखण्यांचं औषध वेगळं आहे.

अर्थात दोन्ही एकमेकांत गुंतलेलीही आहेत. चांगल्या पावसात खुडलेली वेल आठवड्यात नवी पानं काढते, कोरड्यात नाही काढत. शिवाय रानातला पाला करपला की चहूकडची हरणं तुझ्या अर्ध्या एकरावर येतात. मोठं हरीण दिवसाला तीन-चार किलो हिरवं सहज खातं. पंधरा हरणांचा हिशेब तूच कर. अर्ध्या एकराची कोवळी चवळी त्यांच्यापुढे म्हणजे दाराशी ठेवलेला खाऊ.

आता कोणतं झाड कुठे खुडलं तर जगतं, हे बघ. चवळी, सोयाबीन यांचा वाढीचा डोळा शेंड्यावर. उगवून दोन पानांवर आलेलं रोप खालपासून तोडलं की संपलं. ओट आणि राय ही तृणधान्यं गवताच्या जातीची, त्यांचा डोळा सुरुवातीला मातीजवळ असतो, वरून चरलं तरी पुन्हा फुटतात. म्हणून हरणांना मोकळं सोडण्याआधी उन्हाळी शेंगवर्गीय पिकाला पहिले सहा आठवडे राखण लागतेच. मी हल्ली चवळीत वाल आणि ताग मिसळतो. हो, आपलाच वाल. इथे लॅबलॅब म्हणतात आणि हरणांसाठी महागड्या पिशव्यांत विकतात. चवळीपेक्षा तो कोरड्यात जास्त टिकतो, पण लहानपणी खुडला तर त्याचंही काही चालत नाही. ताग भराभर उंच होतो, हरणं त्याची पानं खातात, उरलेल्या दांड्यांच्या आडोशाने वेलींना थोडी उसंत मिळते. लहानपणी ज्याला हिरवळीचं खत म्हणून गाडायचो त्याचं बी इथे पौंडावर मोजून घेताना हसू येतं.

राखण म्हणजे विजेची तार. आत दोन तारांचं कुंपण, आणि त्याच्या बाहेर तीन फुटांवर दीड फूट उंचीची एकच तार. हरीण उंच उडी सहज मारतं, पण उंची आणि रुंदी एकदम आली की त्याला अंदाज येत नाही, ते थबकतं. बाहेरच्या तारेवर ॲल्युमिनियमच्या कागदाला पीनट बटर लावून अडकव. जीभ लावून एकदा झटका बसला की ती जागा लक्षात राहते. तार मात्र पेरणीच्या दिवशीच हवी. हरणांना चव लागल्यावर कुंपण घालणं म्हणजे बैल गेला आणि झोपा केला.

इथे माझी एक फजिती सांगतो. जुलैत एका सकाळी पाहतो तर तारेच्या आत सात हरणं, आरामात. तारेत वीज सोडणारं मशीन टिकटिकत होतं, तार शाबूत होती. दिवसभर डोकं खाजवलं. शेवटी कळलं, जमीनच इतकी कोरडी झाली होती की अर्थिंग मिळत नव्हतं. झटका बसायला विजेला हरणाच्या खुरांतून मातीतून परत यावं लागतं. भाजलेली वाळू तिला वाटच देत नाही. मग अर्थिंगच्या एका सळईच्या जागी तीन खोल ठोकल्या, आतल्या दोन तारांपैकी एक अर्थिंगला जोडली आणि सळयांभोवती आठवड्याला बादलीभर पाणी ओतत राहिलो. दुष्काळात कुंपणालाही पाणी पाजावं लागतं, हे कुणी सांगितलं नव्हतं.

येत्या पेरणीचं. नांगर घालू नकोस. तू शेतकऱ्याचा मुलगा, हात शिवशिवत असतील, पण आपल्या या रेताड मातीत उलथापालथ केली की आहे ती ओलही उडून जाते. उभं तण मारून तसंच आडवं पाड, त्या आच्छादनाखाली माती सावलीत राहते. आणि वाफशाची वाट बघ. पहिल्या सरीवर ओट टाकलेस, बी उगवलं आणि पुढे तीन आठवडे कोरडे गेले, की दुबार पेरणी ठरलेली. मी केली आहे. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये ओल मुरली की एकरी शंभर पौंडांच्या आसपास ओट आणि राय मिळून, त्यात क्रिमसन आणि ॲरोलीफ या क्लोव्हरच्या, म्हणजे शेंगवर्गीय चाऱ्याच्या, दोन जाती. ओट हरणांना जास्त आवडतो, राय जास्त चिवट, दोन्ही हवेत. ॲरोलीफच्या बऱ्याच बियांचं कवच इतकं कडक असतं की पहिल्या फसव्या पावसाला त्या भुलतच नाहीत, मातीत पडून राहतात आणि पुढे उगवतात. क्लोव्हरचं बी पाव इंचापेक्षा खोल जाऊ देऊ नकोस, आणि त्याचं जिवाणू संवर्धन चोळूनच टाक.

माती तपासलीस का? माझा पीएच ५.२ निघाला होता. तेवढ्या आंबट मातीत मुळं खाली जातच नाहीत, मग खालची ओल काय कामाची? एकरी दोन टन चुना टाकला आणि दुसऱ्या वर्षापासून पीक आठवडाभर तरी जास्त तग धरू लागलं. चुना मुरायला महिने लागतात, म्हणून आताच टाक.

आता तुला न आवडणारी गोष्ट. पिंजऱ्याने तोंडं जास्त आहेत असं सांगितलं तर तार, बियाणं, चुना हे सगळं फक्त वेळ विकत घेणं आहे. चांगलं खाणं मिळालं की हरिणी धष्टपुष्ट होतात, जुळी पाडसं देतात आणि पुढल्या वर्षी पंगत वाढते. इथल्या वन्यजीव खात्याचा, टेक्सास पार्क्स अँड वाइल्डलाइफचा, जीवशास्त्रज्ञ खाजगी जमिनीवर फुकट येऊन पाहून जातो. माझ्याकडे आलेल्याने शेताकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सरळ झाडीत शिरला, हरणांच्या आवडीच्या ग्रीनब्रायरच्या वेली हाताने चाचपल्या आणि म्हणाला, तोंड पोहोचेल तिथवर सगळं खाऊन झालंय, माद्या कमी करायला हव्यात.

मी बंदूक हातात धरत नाही, तुला माहीत आहे. पहिल्या वर्षी तर ऐकूनच घेतलं नाही. मग हिवाळ्यात बरगड्या मोजता येतील अशी दोन पाडसं कुंपणाशी उभी दिसली आणि म्हातारबांच्या मुलाला शिकारीच्या हंगामात, नियमाने मिळतील तेवढ्या माद्या मारायला परवानगी दिली. त्या रात्री आमच्या घरी कुणी नीट जेवलं नाही. आता तिसरं वर्ष चाललंय. या उन्हाळ्यात पिंजऱ्यातली चवळी गुडघ्याएवढी आणि बाहेरची पोटरीएवढी होती. पाऊस यंदाही नव्हताच.

सोबत पाईनची विरळणी केली तीही उपयोगी पडली. ऊन जमिनीपर्यंत पोहोचलं, तिथे आपोआप उगवलेल्या वेली-झुडपांची मुळं माझ्या पेरलेल्या कशाहीपेक्षा खोल आहेत. त्याबद्दल पुढच्या पत्रात, नाहीतर हे संपायचं नाही.

माझ्याकडे सोळा फुटांचे जाळीचे दोन तुकडे पडून आहेत. येत्या शनिवारी ट्रक घेऊन ये, दोन्ही ने, चार खांबही देतो. मातीचा नमुना पाच-सहा जागांहून वरच्या सहा इंचांतला घे आणि कोरड्या बादलीत मिसळून आण, सोमवारी माझ्या नमुन्याबरोबर पाठवून टाकू. वहिनींना सांग, जेवायला इकडेच.

तुझा,
दिन्या