साक्ष झाली, पुढे काय?

महोदय,

अत्याचार सोसलेल्यांनी सार्वजनिक चौकशीपुढे येऊन बोलावे, असे आवाहन सगळेच करतात. बोलून झाल्यावर त्या माणसाचे काय होते, हे फारसे कुणी विचारत नाही. वर्षानुवर्षे दाबून ठेवलेले अनोळखी लोकांसमोर तारीखवार सांगायचे आणि मग एकट्याने घरी परतायचे. खरा त्रास बहुधा त्या रात्री सुरू होतो.

संस्थांमध्ये बालकांवर झालेल्या लैंगिक अत्याचारांच्या चौकशीसाठी ऑस्ट्रेलियात २०१३ ते २०१७ या काळात काम केलेल्या रॉयल कमिशनने (सरकारी चौकशी आयोगाने) ८,००० हून अधिक जणांचे म्हणणे खासगी बैठकींत ऐकले. शपथ नाही, उलटतपासणी नाही. इंग्लंड-वेल्सच्या अशाच चौकशीत ६,००० हून अधिक लोक आपबीती सांगण्यासाठीच्या ‘ट्रुथ प्रोजेक्ट’ या उपक्रमात बोलले, तेव्हा त्यांना आधीही आणि नंतरही आधार देण्याची सोय होती.

हेल्पलाइनचा क्रमांक छापलेला कागद हातात ठेवला, की मदत झाली असे होत नाही. दाराजवळची खुर्ची, मध्येच उठून जाण्याची मुभा, ज्या संस्थेविरुद्ध साक्ष द्यायची तिचे लोक जिन्यात भेटणार नाहीत अशी वेगळी खोली, या साध्या गोष्टी आहेत. (प्रवासखर्चसुद्धा, तो मागताना फार संकोच वाटतो.) समुपदेशक बदलत राहिले तर तीच कहाणी पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागते. आणि चौकशीची मुदत संपली म्हणून समुपदेशनही बंद, हा तर अजब हिशेब. अहवाल प्रसिद्ध होतो त्याच दिवशी सगळ्या वाहिन्यांवर जुने तपशील पुन्हा सुरू होतात. निदान आदल्या दिवशी एक फोन तरी जावा.

– एक वाचक