माया सोडून कापायचं

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र येऊन तीन आठवडे होऊन गेले. उत्तराला उशीर झाला त्याला कारण माझी उजवी तर्जनी. वह्या शिवताना तिच्यात दाभण घुसलं आणि पेन धरवेना. आता बरं आहे. अक्षर वाकडं दिसलं तर बोटाला दोष दे, मला नको.

यंदा नाताळला घरातल्या सगळ्या मुलांना हाताने केलेलं काहीतरी द्यायचं तुझ्या मनात आहे आणि सुरुवात कुठून करू, असं तू विचारतोस. अरे, कुठून करू नये, ते मी तुला जास्त नीट सांगेन.

आमच्याकडे मुलं अकरा. सगळ्यांत धाकटं आठ महिन्यांचं, थोरली पंधरा वर्षांची. एकाच खोलीत मी कुणाचा काका, कुणाचा मामा, कुणाचा आतोबा. गेल्या वर्षी मला अवदसा आठवली आणि मी प्रत्येकाला वेगळी वस्तू करायचं ठरवलं. एकीला बाहुलीचं घर, एकाला लाकडी आगगाडी, एकाला कोडं, बाकीच्यांना आणखी काय काय. टोप्या विणायचं हिने अंगावर घेतलं. आणि हे सगळं सुरू केलं कधी, तर डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात! चोवीस तारखेला रात्री दोन वाजता मी आगगाडीच्या तिसऱ्या डब्याला चाकं ठोकत होतो. रंग ओला होता. सकाळी भाच्याने गाडी छातीशी धरली आणि त्याचा नवा सदरा निळा झाला. बाहुलीचं घर बिनछपराचं गेलं. वर पुठ्ठा ठेवून त्यावर मी लिहिलं होतं, 'छप्पर मागाहून'. पुतणी अजून दर फोनला छपराची चौकशी करते.

पण खरी चूक घाईची नव्हती. आगगाडीला माझे तीसएक तास गेले होते, टोपीला हिच्या दोन संध्याकाळी. मुलांना किंमत कळत नाही म्हणतात, पण आकार बरोबर कळतो. ज्याला टोपी मिळाली त्याने आगगाडीकडे एकदा पाहिलं, टोपीकडे एकदा पाहिलं आणि आईच्या मांडीवर जाऊन बसला. काही बोलला नाही. मला दिवसभर ते लागून राहिलं.

म्हणून यंदा सप्टेंबरातच बसलो आणि वस्तू फक्त तीन धरल्या. लहान चौघांना कापडी हत्ती, मधल्या चौघांना पत्त्यांचा खेळ, मोठ्या तिघांना शिवलेल्या वह्या. ज्याचा त्याचा रंग वेगळा, वस्तू तीच. याचा एक फायदा मला आधी सुचलाच नव्हता. पहिल्या हत्तीला नऊ तास लागले, दुसऱ्याला चार. हात बसतो. त्यामुळे तू आधी एक नमुना पूर्ण कर, वेळ मोज आणि मगच मुलांच्या संख्येने गुण. ते उत्तर बघून घाम फुटला तर वस्तू बदल, मुलं काही कमी करता येत नाहीत.

हत्तीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण त्यात मी सगळ्यांत जास्त चुकलो. कापड जुन्या सुती चादरीचं घे. धुऊन धुऊन ते आटायचं तेवढं आटलेलं असतं. नवं घेतलंस तर कापण्याआधी धू, नाहीतर पहिल्याच धुण्यात हत्ती आकसतो आणि आतला कापूस गोळा होतो. कागदावर आकृती काढ, ती कापडावर ठेवून आख आणि रेषेबाहेर सात-आठ मिलिमीटर माया, म्हणजे शिवणीपुरतं जास्तीचं कापड, सोडून काप. मी पहिल्यांदा रेषेवरच कापलं होतं! शिवल्यावर हत्तीचं मांजर झालं. पाठीच्या आणि पोटाच्या वळणांवर मायेला कात्रीने छोटे छोटे काप द्यायचे, टीप मात्र तुटू द्यायची नाही. ते काप नसले तर सुलट केल्यावर कापड वळणावर चुण्या धरतं. सोंड शिवून दोन सेंटिमीटर रुंद ठेवली होती, ती काही केल्या सुलट होईना. पेन्सिलीच्या मागच्या टोकाने ढकलता ढकलता टीप उसवली. आता चार ठेवतो. कापूस चिमटी-चिमटीने भरायचा, आधी सोंड, मग पाय, पोट शेवटी. एकदम मोठा बोळा कोंबलास तर गाठी हाताला लागतात.

डोळ्यांना बटणं लावू नकोस. तीन वर्षांखालचं मूल प्रत्येक गोष्ट तोंडात घालतं आणि बटण आज ना उद्या सुटतं. काळ्या दोऱ्याने डोळे भर, साखळी टाका पुरतो. कुठली वस्तू घशात अडकण्याएवढी लहान आहे हे बघायला टॉयलेट पेपरच्या आतली पुठ्ठ्याची नळी घे. तिच्यातून जी वस्तू आरपार जाते ती तान्ह्या मुलाच्या हाती द्यायची नाही. शेपूट बोटभरच ठेव, गळ्याभोवती गुंडाळेल अशी लांब दोरी नको. आणि टाचण्या मोजून लाव, मोजून काढ. एका रात्री माझी एक टाचणी कमी भरली. ही म्हणाली, पडली असेल खाली. मी पूर्ण भरलेला हत्ती उसवला. टाचणी माझ्याच पायमोज्यात सापडली, पण उसवला याचं वाईट वाटत नाही.

पत्त्यांचा खेळ सोपा आहे. घरातल्या बारा जणांचे फोटो, प्रत्येकाच्या दोन प्रती, म्हणजे चोवीस पत्ते. पालथे मांडायचे आणि जोड्या लावायच्या. आमची मावस-आते भावंडं वर्षातून एकदा भेटतात. निदान खेळताना एकमेकांची तोंडं तरी ओळखतील. पुठ्ठ्याच्या एकाच बाजूला कागद चिकटवलास तर वाळताना पत्ता धनुष्यासारखा वाकतो. दोन्ही बाजूंना चिकटव आणि रात्रभर जड वजनाखाली ठेव. पाठी मात्र हुबेहूब सारख्या हव्यात. माझ्या आईच्या पत्त्यामागे डिंकाचा डाग राहिला होता. भाचीने नमुना खेळून बघितला आणि तिसऱ्या डावापासून आजी दरवेळी तिलाच मिळायला लागली. तो पत्ता पुन्हा केला.

मोठ्या मुलांपुढे मी हात टेकले होते. शेवटी पुतणीला सरळ विचारलं. म्हणाली, "काका, वही दे. रेघा नकोत. आणि कव्हरवर माझं नाव तर मुळीच नको." एवढं स्पष्ट गिऱ्हाईक कुठे मिळतं! आठ कागद एकात एक घालून मधोमध दुमडले की बत्तीस पानं होतात. घडीवर दाभणाने तीन भोकं पाडायची, मधल्या भोकातून सुई आत घालून वर, मग खाली आणि पुन्हा मध्ये आणून गाठ मारायची. कागद आधी दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून बघ. ज्या बाजूने तो सहज वाकतो त्या बाजूनेच घडी घाल, नाहीतर वही कायम तोंड वासून राहते. आतली पानं थोडी बाहेर येतात, ती शिवून झाल्यावर एकदम काप.

तुझा हात सुतारकामात बसलेला आहे, तेव्हा तू कदाचित ठोकळेच करशील. पॉलिश पेपर ऐंशी नंबरपासून दोनशेवीसपर्यंत चढत जा आणि कोपरे बोथट कर. जवसाचं तेल लावलंस तर ते पूर्ण वाळेपर्यंत मुलांच्या हाती देऊ नकोस. तेलाचं फडकं चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नकोस, ते आपोआप पेट घेऊ शकतं. बाहेर पसरून वाळव.

तुझ्याकडे मुलं किती आणि वयं काय, ते लिहीच. हत्तीची कागदी आकृती सोबत घातली आहे. सोंडेजवळ लाल पेन्सिलीने सुधारलेली रेघ दिसेल ती धर, काळी माझी जुनी चूक आहे.

दोन हत्ती भरायचे राहिलेत आणि एक वही. ते झालं की छपराला हात घालणार आहे.

तुझाच,
मित्र