‘खरे वडील’ म्हणजे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला डिलँड मॅकलॉवरचा लेख वाचला, दत्तक घरात वाढलेला हा अमेरिकन फुटबॉलचा कोच आणि त्याला जन्म देणाऱ्या वडिलांचा मोठेपणी लागलेला शोध. मराठी पेपरात अमेरिकन फुटबॉलबद्दल कोणी लिहितच नाही म्हणून आधी आनंद झाला, पण मथळाच ‘अखेर खरे वडील सापडले’ आणि शेवट काय तर ‘खेळ रक्तातच होता’. रात्री झोप लागली नाही, म्हणून आज लिहायला बसले.

आधी चुका. फोटो सॉकरचा छापलाय, गोल बॉलवाला. मॅकलॉची मायामी युनिव्हर्सिटी फ्लोरिडात नाही, ओहायोत ऑक्सफर्ड नावाच्या छोट्या गावात आहे. तिथे त्याने बॉल घेऊन धावत 4,368 यार्ड काढले, तेव्हाचा तो तिथला रेकॉर्ड, मग बेंगल्स या व्यावसायिक टीमकडे गेला आणि गुडघ्याने दगा दिला, पुढे कॅनडात खेळला, शाळेतल्या पोरांना शिकवलं आणि 2011 ला इंडियाना युनिव्हर्सिटीत रनिंग बॅक्सचा, म्हणजे बॉल घेऊन धावणाऱ्यांचा, कोच झाला. एवढं सगळं तुमच्याकडे दोन ओळींत.

2014 च्या नोव्हेंबरात इंडियानाची पर्ड्यू युनिव्हर्सिटीविरुद्धची मॅच आम्ही ब्लूमिंग्टनला स्टेडियममध्ये बसून बघितली, थंडीने बोटं बधिर झालेली. इंडियानाचा रनिंग बॅक टेव्हिन कोलमन, त्याने 130 यार्ड काढले आणि सीझनचे 2,036 झाले, इंडियानाच्या कुठल्याच खेळाडूने तोवर 2,000 गाठले नव्हते, आणि टीम तर त्या वर्षी बारापैकी चारच मॅच जिंकली. शेजारचे आजोबा मला म्हणाले, बॉल त्याच्याकडे नसतो ना तेव्हा बघ, क्वार्टरबॅकवर, म्हणजे बॉल फेकणाऱ्यावर, धावून येणाऱ्याला तो कसा अंगावर घेतो ते. हे रक्तातून येत नाही हो, कोच रोज घोटून घेतो तेव्हा येतं. कोलमनचा कोच मॅकलॉ होता.

आता खरं दुखणं. आमची मुलगी सात महिन्यांची असताना आमच्या घरी आली, आता नऊ वर्षांची आहे. तिला मराठी वाचता यावं म्हणून पुरवणी आम्ही दोघी मिळून वाचतो. काल तिने ‘खरे वडील’ या शब्दांवर बोट ठेवलं आणि पुढे वाचेचना. मी काय सांगायचं होतं तिला?

मॅकलॉला ओहायोतल्या यंगस्टाऊनमध्ये ॲडेल कोमर यांनी वाढवलं, त्या माउलीचं नावसुद्धा लेखात नाही. शर्मन स्मिथ हे त्याचे जन्मदाते. मराठीत इतका चांगला शब्द असताना तो का नाही वापरला? तेव्हा मायामीत कोच असलेल्या स्मिथनीच त्याला हायस्कूलमधून तिथे आणलं आणि नातं कळलं थेट 2017 ला, म्हणजे इतकी वर्षं त्यांनी ज्याला हाताशी धरलं तो त्यांच्या दृष्टीने परक्याचाच मुलगा होता. लेखात हे यायला हवं होतं. कॅन्सस सिटी चीफ्स टीमबरोबर 2020 चा सुपर बोल, म्हणजे व्यावसायिक लीगची फायनल, नोत्र दाम युनिव्हर्सिटीबरोबर जानेवारी 2025 ची कॉलेज फायनल, या कमाईवर ‘रक्त’ म्हणून शिक्का मारू नका.

कृपया दुरुस्ती छापा. फोटोचं एक वेळ राहू दे, तो शब्द बदला. आणि सांगलीला माझ्या आईच्या अंकात पुरवणी महिन्यातून दोनदा तरी नसतेच, एजंटला सांगून झालंय, ती नातीसाठी कात्रणं काढून ठेवते, तेव्हा दुरुस्तीचा अंक तरी तिला पूर्ण मिळेल एवढं बघा.

आपली जुनी वाचक,
इंडियानापोलिस