बंदुकीवर नाव आहे, पत्ता नाही: केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी सिंधुदुर्गातल्या कुडाळ तालुक्यातला काजू-नारळ बागायतदार. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर माझ्याकडे बारा बोअरची एकनळी बंदूक आहे. बागेत वानर किंवा रानडुक्कर शिरले की एक बार हवेत काढायचा, एवढेच तिचे काम. वडिलांकडे ठासणीची होती. तिची नळी झिजली म्हणून जानेवारी २०२४ मध्ये मी ही नवी घेतली, परराज्यातल्या एका परवानाधारक कारखान्याची. कारखान्याचे नाव लिहीत नाही. दुसऱ्या कोणाची घेतली असती तरी पुढची गोष्ट फारशी बदलली नसती.

जुलैत बंदुकीचा घोडा, म्हणजे चाप ओढल्यावर आपटून बार उडवणारा भाग, अर्ध्यावर टिकेना. घोड्याच्या बंदुकीत सुरक्षेची सोय म्हणाल तर तेवढीच: घोडा अर्धा ओढला की तो तिथे अडला पाहिजे, चाप दाबूनही पुढे जाता कामा नये. माझ्या बंदुकीचा घोडा दस्त्याला हलका धक्का लागला तरी खटकन पुढे पडू लागला. पहिल्यांदा पडला तेव्हा नळीत काडतूस नव्हते, म्हणून हे पत्र लिहायला मी आहे. वडील पडवीत बसून बघत होते. म्हणाले, "माझी ठासणीचीच बरी होती रे. ठासल्याशिवाय ती उडणा नाय."

खरेदी कोल्हापूरची. दुकानदाराला फोन केला, तो म्हणाला कारखान्याकडे पाठवावी लागेल. कारखान्याने सांगितले, दुकानदारामार्फत या. दुकानदार म्हणाला, आम्ही विकतो, दुरुस्ती आमच्याकडे नाही. मग मीच नेतो म्हटले, तर माझा परवाना महाराष्ट्रापुरता. सीमा ओलांडायची तर आधी परवानगीचा अर्ज. कुरिअरवाल्याने 'बंदूक' हा शब्द ऐकताच फोन ठेवला, आणि त्यात त्याचे काही चुकले असे मला वाटत नाही.

घोडा अर्ध्यावर अडवणारी खाच गावातला लोहार तासाभरात घासून देईल. पण शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार बंदूक दुरुस्त करायलाही परवाना लागतो. २०१९ च्या कायदादुरुस्तीनंतर त्याच्या उल्लंघनाला किमान सात वर्षांची शिक्षा आहे. पाचशे रुपयांच्या कामासाठी शेजाऱ्याला सात वर्षे आत पाठवण्याइतका मी कृतघ्न नाही.

गॅरंटी होती एक वर्षाची. त्या वर्षात दोन निवडणुका झाल्या. लोकसभेला मार्च ते जून आणि विधानसभेला ऑक्टोबर-नोव्हेंबर, अशी मिळून जवळपास चार महिने बंदूक पोलीस ठाण्यात जमा होती. जमा करायला माझी हरकत नव्हती, आजही नाही. पण गॅरंटीचे घड्याळ ठाण्यातही चालूच होते. फ्रीज सरकारने चार महिने नेऊन ठेवला असता तर कंपनीशी भांडायला निदान तोंड तरी असते.

आता तुमच्या खात्याच्या कायद्याकडे वळतो. ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ मध्ये वस्तू म्हणजे कोणतीही जंगम मालमत्ता. बंदूक त्यातून वगळलेली नाही. मी राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. धोकादायक माल बाजारातून परत बोलावण्याचा आदेश केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण कलम २० खाली देऊ शकते. हे छोटे अधिकार नाहीत. अमेरिकेसारख्या बंदुकांनी भरलेल्या देशात १९७२ पासून ग्राहकोपयोगी वस्तूंच्या सुरक्षेचा कायदा आहे, पण बंदुका त्याच्या कक्षेबाहेर ठेवल्या आहेत. चाप सदोष निघाला तरी तो कायदा राबवणारे सरकारी मंडळ कंपनीला माल परत घ्यायला लावू शकत नाही. मात्र तिथला माणूस बिघडलेली बंदूक थेट कारखान्याला पाठवू शकतो आणि दुरुस्त होऊन ती थेट त्याच्या घरी येऊ शकते. १९६८ च्या त्यांच्या बंदूक कायद्यातच तशी सोय आहे. आपल्याकडे उलटे. आदेश द्यायला प्राधिकरण आहे, आणि बंदूक दुरुस्तीला न्यायला वाट नाही.

जिल्हा ग्राहक आयोगात गेलो तर दोष तपासायला वस्तू सीलबंद करून योग्य प्रयोगशाळेत पाठवायची असते. मिक्सर असेल तर ठीक. बंदुकीसाठी 'योग्य' प्रयोगशाळा कोणती? खुनाच्या गोळ्या तपासणाऱ्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेपुढे माझ्या घोड्याची खाच कितव्या नंबरावर येईल? हे एकदा तुमच्या खात्याने लिहून जाहीर करावे.

डिसेंबर २०२२ मध्ये तुमच्या खात्याने दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले. त्यात शेतीची अवजारे आहेत, मोबाइल आहेत, घरगुती उपकरणे आणि वाहने आहेत. शेतीसंरक्षणाची बंदूक माझ्या लेखी अवजारच आहे, फवारणी पंपाच्या शेजारी टांगलेली नसली तरी. सुटे भाग कुठे मिळतात आणि जिल्ह्यात दुरुस्तीचा परवाना कोणाकडे आहे, एवढी माहिती तिथे आली तरी माझ्यासारख्याचे निम्मे हेलपाटे वाचतील. उरलेल्या निम्म्यासाठी गृह मंत्रालयाशी बोलावे लागेल. जो दुकानदार बंदूक विकतो त्याला ती दुरुस्तीसाठी स्वीकारून पावती देणे बंधनकारक करा आणि कारखान्यापर्यंतची ने-आण त्याच पावतीवर होऊ द्या. बंदूक सरकारी ताब्यात असेल तितके दिवस गॅरंटीत वाढवून मिळावेत, यात तर कोणाचाच पैसा जात नाही.

एक गोष्ट मला हसवते. कायद्याने प्रत्येक बंदुकीवर बनवणाऱ्याचे नाव आणि नंबर कोरलेला असावा लागतो. तो नंबर माझ्या परवान्यावर आहे आणि त्या परवान्याला शस्त्र परवान्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीतला स्वतंत्र क्रमांक आहे. म्हणजे एका खेपेच्या बंदुकांत दोष सापडला तर त्यांचे मालक शोधायला जाहिरातही द्यावी लागणार नाही. गाडीच्या कंपनीलाही गिऱ्हाईक इतके नेमके सापडत नसेल. ही सगळी नोंद बंदुकीने गुन्हा केला तर उपयोगी पडावी म्हणून आहे. बंदूकच बिघडली तर ती कोण उघडतो?

माझी बंदूक सध्या कपाटात आहे, काडतुसे वेगळ्या पेटीत. काजू धरला आहे. रोज संध्याकाळी मी बागेत पत्र्याचा डबा वाजवतो. वानरांना त्याची सवय झाली आहे.

आपला,
एक परवानाधारक शेतकरी
तालुका कुडाळ, जिल्हा सिंधुदुर्ग